महामार्ग पोलिसांचा रेडिओ: नूतनीकरणाची किंमत आणि उरलेले पाच टक्के

‘अकरा-नव्याण्णव’ हा संकेत कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसांत, म्हणजेच ‘कॅलिफोर्निया हायवे पॅट्रोल’मध्ये, प्रत्येकाच्या कानात पक्का बसलेला आहे. अधिकारी संकटात आहे, तातडीने मदत हवी, एवढाच त्याचा अर्थ. तो ऐकू आला की जवळपासचे प्रत्येक गस्तवाहन हातातले काम टाकून त्या दिशेने धावते. या दलातील अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना साहाय्य करणाऱ्या धर्मादाय संस्थेनेही आपल्या नावात हेच अंक घेतले आहेत. एप्रिल १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या उत्तरेस न्यूहॉल येथे काही मिनिटांत चार तरुण अधिकारी मारले गेले. त्या चकमकीतही मदतीची हाक गेली ती गाडीतल्या रेडिओवरूनच.

त्या घटनेला अर्धशतक उलटून गेले. शस्त्रे बदलली, प्रशिक्षण बदलले, गाड्या बदलल्या. गाडीतून उतरून दरीच्या कडेला दोनशे पावले चालत गेलेल्या अधिकाऱ्याची हाक नियंत्रण कक्षापर्यंत खात्रीने पोहोचेल का, हा प्रश्न मात्र आजही पूर्णपणे सुटलेला नाही. जगातील आघाडीच्या तंत्रज्ञान कंपन्यांची मुख्यालये ज्या राज्यात आहेत, तेथील महामार्ग पोलीस आपल्या मुख्य संपर्कासाठी अजूनही ४० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, अमेरिकेतील पोलीस रेडिओच्या आरंभकाळातला तरंगपट्टा वापरतात. सान होजे किंवा फ्रीमाँटहून रोज फ्रीवेने कामावर जाणाऱ्या मराठी अभियंत्याला हे ऐकून नवल वाटेल. पण हा केवळ सरकारी आळस नव्हे. त्यामागे भौतिकशास्त्र आहे, भूगोल आहे, आणि नूतनीकरणाच्या नावाखाली इतर राज्यांनी व देशांनी भोगलेल्या अपयशांचा इतिहासही आहे.

जुना पट्टा का टिकला?

पोलीस आणि रेडिओ यांचे नाते १९२८ साली डेट्रॉइटमध्ये जुळले. तेव्हा संदेश एकाच दिशेने जात असे: मुख्यालय बोले आणि गस्तीवरचा शिपाई ऐके. १९३३ मध्ये न्यू जर्सीतील बेयॉन शहराने दुतर्फा संभाषण सुरू केले. संपूर्ण राज्यभर एफएम पद्धतीने दुतर्फा बोलण्याची पहिली यंत्रणा १९४० च्या सुमारास कनेक्टिकट राज्य पोलिसांसाठी उभी राहिली. ती उभारणारे डॅनियल नोबल पुढे मोटोरोलात गेले. ती यंत्रणाही ४० मेगाहर्ट्झच्या जवळपासच चालत असे. म्हणजे महामार्गावरील पोलीस आणि हा ‘लो बँड’ यांची जोडी सुरुवातीपासूनची आहे.

तिचे कारण सोपे आहे. या पट्ट्यातील लहरींची लांबी सुमारे सात मीटर असते. अशा लांब लहरी डोंगराच्या आडून काही प्रमाणात वळतात, झाडीतून कमी क्षीण होतात आणि एकाच शिखरावरच्या मनोऱ्यातून मोठा मुलूख व्यापतात. सिएरा नेवाडाच्या रांगा, मोहावीचे वाळवंट आणि उत्तरेकडील रेडवूडची जंगले एकाच राज्यात सामावणाऱ्या कॅलिफोर्नियाला हा गुण फार मोलाचा होता. थोड्या मनोऱ्यांत मोठे राज्य, हा हिशेब कित्येक दशके फायद्याचा ठरला.

परंतु ज्या गुणामुळे हा पट्टा निवडला गेला, तोच गुण अधिकारी गाडीबाहेर पडताच दोष ठरतो. लहर जितकी लांब, तितका अँटेना लांब लागतो. ४२ मेगाहर्ट्झला पाव लहरीचा अँटेना जवळजवळ सहा फुटांचा होतो. गाडीच्या मागच्या बाजूस तो लावता येतो, पण माणसाच्या कमरेला नाही. त्यामुळे लो बँडवर चालणारा, हातात मावणारा आणि भरवशाचा वॉकीटॉकी बनवणे व्यवहारात अवघड आहे. यावर दलाने तोड काढली ती अशी: अधिकाऱ्याच्या कमरेचा रेडिओ ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो, गाडीतले उपकरण तो आवाज पकडते आणि लो बँडवरून पुढे मनोऱ्याकडे पाठवते. या पट्ट्यात पाव लहरीचा अँटेना अर्ध्या वितीहून मोठा नसतो, म्हणून कमरेचा रेडिओ शक्य होतो.

ही तोड कल्पक आहे, यात शंका नाही. पण तीत अधिकाऱ्याची हाक गाडीवर अवलंबून राहते. गाडी हाकेच्या टप्प्यात असली, तिचे उपकरण चालू असले, मध्ये काँक्रीटचा पूल किंवा डोंगराचा कडा आला नसला, तरच साखळी पूर्ण होते. अपघातग्रस्त गाडी दरीत शोधायला उतरलेला, किंवा पळणाऱ्याचा पाठलाग करत पायी गेलेला अधिकारी नेमका त्याच क्षणी सर्वांत एकटा पडतो.

आकाशातली आणि जमिनीवरची अडचण

लो बँडची दुसरी अडचण आकाशात आहे. सूर्यावरील डागांचे प्रमाण वाढले की वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर या पट्ट्यातील लहरी परत जमिनीकडे वळवू लागतो. मग हजार-दोन हजार मैलांवरच्या कुठल्या तरी राज्यातले संभाषण स्थानिक संभाषणात मिसळते. नासा आणि नोआ या संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सूर्य सध्याच्या चक्राच्या सर्वाधिक सक्रिय कालखंडात पोहोचल्याचे जाहीर केले. लो बँडवर विसंबणाऱ्या प्रत्येक दलासाठी असा काळ कटकटीचा असतो.

तिसरी अडचण जमिनीवरची आहे. विजेच्या तारा, स्वस्त चार्जर, एलईडी दिवे आणि गाड्यांमधील इलेक्ट्रॉनिक्स यांचा गोंगाट याच खालच्या पट्ट्यात सर्वाधिक जाणवतो. चौथी अडचण बाजारपेठेची. हा पट्टा वापरणारी दले कमी होत गेली, तशी त्यासाठी उपकरणे बनवणाऱ्या कंपन्याही कमी झाल्या. ज्या वस्तूला थोडेच गिऱ्हाईक, तिचे सुटे भाग महाग आणि दुर्मीळ होतात.

येथे नियमनाचाही एक विचित्र परिणाम दिसतो. वारंवारतेची टंचाई कमी करण्यासाठी अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने १५० ते १७४ आणि ४२१ ते ५१२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतील बहुतेक वापरकर्त्यांना १ जानेवारी २०१३ पूर्वी आपल्या वाहिन्या निम्म्या रुंदीच्या करायला लावल्या. त्या सक्तीपायी देशभरातील असंख्य पोलीस खात्यांना जुनी उपकरणे टाकून नवी घ्यावी लागली. लो बँड या आदेशाच्या कक्षेबाहेर होता. त्यामुळे ज्यांना बदलाची सर्वाधिक गरज होती, त्यांच्यावर बदलाची सक्ती झालीच नाही.

मनोरा हेच खरे काम

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २००६ मध्ये महामार्ग पोलिसांच्या रेडिओ यंत्रणेच्या सुधारणेसाठी पाच वर्षांची योजना मंजूर केली. अपेक्षित खर्च ५० कोटी डॉलरच्या जवळपास होता. गाडीतले रेडिओ, कमरेचे रेडिओ, गाडीतील रिपीटर, नियंत्रण कक्षांतील सामग्री आणि डोंगरमाथ्यांवरील केंद्रे या सर्वांचा त्यात समावेश होता. गाड्यांतील उपकरणे बदलणे तुलनेने सोपे गेले. मनोऱ्यांचे काम मात्र त्यानंतरच्या दशकातही संपले नाही. सॉटूथ रिज, क्रेस्टव्ह्यू पीक यांसारख्या ठिकाणचे जुने मनोरे आणि उपकरणकक्ष बदलण्याच्या तरतुदी अनेक वर्षे राज्याच्या अर्थसंकल्पात येत राहिल्या.

अशा शिखरावर काम करणे म्हणजे काय, याची कल्पना सपाटीवरच्या माणसाला सहसा येत नाही. जागा बहुधा केंद्राच्या वनखात्याच्या ताब्यातील, म्हणून परवाने आणि पर्यावरणीय तपासणी आली. रस्ता कच्चा, तोही हिवाळ्यात बर्फाखाली. वर्षातून काही महिनेच बांधकाम शक्य. जुना मनोरा नव्या अँटेनांचे वजन आणि त्यांच्यावर येणारा वाऱ्याचा दाब पेलत नाही, म्हणून नवा हवा. पण नवा उभा राहून तपासला जाईपर्यंत जुना बंद करता येत नाही, कारण खाली रस्त्यावर गस्त चालूच असते. वीज गेली तर जनित्र हवे, जनित्राला इंधन हवे आणि ते इंधन वर नेणारा माणूस हवा. पत्रकार परिषदेत दाखवला जातो तो चकचकीत वॉकीटॉकी. वेळ आणि पैसा जातो तो या शिखरांवर.

राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयाने ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झवर चालणारे एक सामायिक जाळेही उभारायला घेतले आहे. ते ‘प्रोजेक्ट २५’ या खुल्या मानकावर आधारलेले आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या मानकाचा हेतू असा की एका कंपनीचा रेडिओ दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेवर चालावा आणि शेजारच्या परगण्यातील शेरीफशी महामार्ग पोलिसाला थेट बोलता यावे. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात एकाच वाहिनीवर दोन संभाषणे बसवता येतात, त्यामुळे तुटपुंज्या वारंवारता पुरवून वापरता येतात. परंतु उंच पट्ट्यातल्या आखूड लहरी डोंगरामागे वळत नाहीत. लो बँडचा एक मनोरा जेवढा प्रदेश सांभाळतो, तेवढ्यासाठी ७०० मेगाहर्ट्झला कित्येक मनोरे लागू शकतात. म्हणजे नव्या पट्ट्यात जाणे हा रेडिओ खरेदीचा नव्हे, तर शिखरे मिळवण्याचा प्रश्न आहे.

तीन राज्यांचे तीन धडे

जे राज्य सावधपणे पुढे जाते, त्याच्या मनात न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाची उदाहरणे असतात. न्यूयॉर्कने २००५ मध्ये राज्यव्यापी बिनतारी जाळ्यासाठी सुमारे २ अब्ज डॉलरचा करार केला. एरी आणि शटॉक्वा या परगण्यांत पहिला टप्पा उभारला गेला. तेथील चाचण्या समाधानकारक झाल्या नाहीत आणि जानेवारी २००९ मध्ये राज्याने करारच रद्द केला. पेनसिल्व्हेनियाने त्याच जातीचे तंत्रज्ञान १९९६ मध्ये मंजूर झालेल्या योजनेतून स्वीकारले होते. सुरुवातीच्या अंदाजाच्या कित्येक पटींनी खर्च वाढत गेला, राज्य पोलीस वर्षानुवर्षे तक्रारी करत राहिले आणि अखेर २०१० च्या दशकात राज्याला प्रोजेक्ट २५ कडे वळावे लागले. दोन्ही ठिकाणी चूक एकच होती: एकाच कंपनीच्या मालकीचे, इतरत्र पुरेसे न पारखलेले तंत्रज्ञान संपूर्ण राज्यासाठी एकदम घेतले गेले.

मिशिगनची कथा याच्या नेमकी उलट आहे. तेथील यंत्रणा मुळात राज्य पोलिसांच्या गरजेतून जन्मली. १९९० च्या दशकाच्या मध्यात काम सुरू झाले आणि सुमारे १८० मनोऱ्यांचे जाळे २००२ मध्ये पूर्ण झाले. ते मानकाधारित होते, टप्प्याटप्प्याने उभारले गेले आणि नंतर स्थानिक पोलीस, अग्निशमन दले व रुग्णवाहिका यांना त्यात सामावून घेण्यात आले. वापरकर्ते वाढत गेले तशी निधी मागण्यामागची राजकीय ताकदही वाढली. मात्र मिशिगनचे भूपृष्ठ कॅलिफोर्नियापेक्षा कितीतरी सपाट आहे, हे विसरून तुलना करणे योग्य ठरणार नाही.

या तिन्ही उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष तंत्रज्ञानापेक्षा कारभाराविषयी अधिक आहे. मानक खुले आहे का, टप्पे छोटे आहेत का, आणि प्रत्येक टप्प्यानंतर ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार ग्राहकाकडे राहतो का? न्यूयॉर्कने उशिरा का होईना, तो अधिकार वापरला.

‘मोबाइल आहे की!’

येथे एक स्वाभाविक शंका येते. प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन असताना या जुनाट रेडिओवर कोट्यवधी डॉलर का घालायचे? सरकारांनाही हा मोह पडतो.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिलेले इशारे उत्तरेकडील मनोऱ्यातील अग्निशमन जवानांपर्यंत पोहोचले नाहीत. त्या दिवशी ३४३ जवान मृत्युमुखी पडले. या अनुभवातून २०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सुरक्षा दलांसाठी ‘फर्स्टनेट’ या स्वतंत्र ब्रॉडबँड जाळ्याचा कायदा केला. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील २० मेगाहर्ट्झ त्यासाठी राखून ठेवले गेले आणि २०१७ मध्ये एटी अँड टी कंपनीशी २५ वर्षांचा करार झाला. चित्रफिती, नकाशे, परवान्यांची माहिती यांसाठी हे जाळे उपयुक्त आहे. पण आवाजासाठी रेडिओची जागा ते अजून पूर्णपणे घेऊ शकलेले नाही. कारण सरळ आहे. मनोरा बंद पडला तरी दोन वॉकीटॉकी एकमेकांशी थेट बोलू शकतात. मोबाइल फोनला मनोरा लागतोच.

कॅलिफोर्नियाने याचा अनुभव घेतला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वणव्याच्या भीतीने वीज बंद करण्यात आली, तेव्हा मरीन परगण्यातील निम्म्याहून अधिक मोबाइल मनोरे बंद पडले होते. त्याआधी, २०१८ च्या उन्हाळ्यातील मेंडोसिनो येथील वणव्याच्या वेळी, सांता क्लारा परगण्याच्या अग्निशमन दलाच्या वाहनाचा इंटरनेट वेग व्हेरायझन कंपनीने ‘मर्यादा ओलांडली’ म्हणून कमी केला होता. ही बाब न्यायालयीन कागदपत्रांतून उघड झाली. संकटाच्या क्षणी सार्वजनिक सेवा आणि व्यावसायिक अटी यांची गाठ पडते, तेव्हा काय होते याचा तो वस्तुपाठ होता.

ब्रिटनने तर रेडिओ यंत्रणा बंद करून व्यावसायिक ४जी जाळ्यावर जाण्याचा निर्णय २०१५ मध्येच घेतला. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका सेवा ‘एअरवेव्ह’ हे टेट्रा तंत्रावरील जाळे वापरतात. त्याच्या जागी ‘इमर्जन्सी सर्व्हिसेस नेटवर्क’ २०२० पूर्वी यायचे होते. २०१९ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने अंदाजित खर्च ९.३ अब्ज पौंडांवर गेल्याचे नोंदवले. ही वाढ ३.१ अब्ज पौंडांची होती. आता जुने जाळे बंद होण्याची तारीख या दशकाच्या अखेरपर्यंत लांबली आहे. दरम्यान मोटोरोला कंपनीने २०१६ मध्ये एअरवेव्ह विकत घेतली. म्हणजे जुने जाळे चालवणारी आणि नवे उभारण्यात भागीदार असलेली कंपनी एकच झाली. नव्याला जितका उशीर, तितका जुन्यातून मिळणारा महसूल अधिक, अशी ही रचना होती. स्पर्धा नियामकाने २०२३ मध्ये एअरवेव्हच्या दरांवर मर्यादा घातली आणि मोटोरोला नव्या प्रकल्पातून बाहेर पडली. लंडन किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्या करदात्याने या विलंबाची किंमत मोजली आहे, मग त्याने एअरवेव्हचे नाव ऐकलेले असो वा नसो.

यंत्र हातात असूनही

नवे यंत्र घेतले की संवाद साधला जातो, हा समजही टेक्सासमधील युवाल्डी शहराने खोटा ठरवला. २४ मे २०२२ रोजी तेथील शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिकांची हत्या झाली. घटनास्थळी पौने चारशे सशस्त्र अधिकारी जमले होते आणि त्यांत राज्याच्या महामार्ग पोलिसांचाही समावेश होता. टेक्सास विधिमंडळाच्या समितीच्या अहवालात इमारतीच्या आत रेडिओ नीट चालत नसल्याचे नमूद आहे. पण त्याच अहवालात त्याहून गंभीर गोष्टही आहे: कोण आज्ञा देत आहे हेच ठरलेले नव्हते. शाळा जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाने आपले रेडिओ बाहेरच ठेवले होते. मुलांचे दूरध्वनी येत होते, परंतु ती माहिती दारापाशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचत नव्हती. सामायिक वाहिनी ही तांत्रिक सोय आहे. त्या वाहिनीवर कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत बोलायचे, हे सरावाने ठरते. नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात सरावाचा खर्च बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत असतो आणि कपात करायची वेळ आली की पहिल्यांदा तीच ओळ खोडली जाते.

आणखी एक पेच गोपनीयतेचा आहे. डिजिटल रेडिओ आला की संभाषण कुलूपबंद करणे सोपे होते. ऑक्टोबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने नागरिकांची वैयक्तिक माहिती रेडिओवर उघडपणे न सांगण्याचा निर्देश दिला. त्यासाठी संपूर्ण संभाषण गुप्त करावे, किंवा वैयक्तिक तपशील तेवढे वेगळ्या मार्गाने पाठवावेत, असे दोन्ही पर्याय होते. अनेक शहरांनी पहिला, सोपा मार्ग घेतला. पालो आल्टोने जानेवारी २०२१ मध्ये सर्व संभाषण बंद केले आणि टीकेनंतर २०२२ मध्ये ते पुन्हा खुले केले. स्कॅनरवर पोलिसांचे बोलणे ऐकणारे स्थानिक वार्ताहर आणि जागरूक नागरिक ही लोकशाहीतील एक छोटी, पण महत्त्वाची देखरेख असते. शिवाय कुलूप लावले म्हणजे सुरक्षितता आलीच, असेही नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की संघीय यंत्रणांचे अधिकारी आपले संभाषण गुप्त आहे असे समजून प्रत्यक्षात उघड्यावर बोलत होते, कारण रेडिओवरील खटका आणि दिवा गोंधळात टाकणारे होते.

मायदेशी

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध दूरचा नाही. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा हा मार्ग पूर्ण झाला. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा अशा निर्मनुष्य मार्गावर मदत किती वेळात पोहोचते हा प्रश्न घराघरांत विचारला गेला. वस्तीपासून दूर, सलग वेगाचा रस्ता आणि इगतपुरीजवळचा सुमारे पावणेआठ किलोमीटरचा बोगदा ही बिनतारी अभियंत्यांच्या दृष्टीने कॅलिफोर्नियाइतकीच अवघड परीक्षा आहे. बोगद्यात बाहेरची लहर शिरत नाही. तेथे भिंतीलगत खास प्रकारची, जागोजागी लहर सोडणारी केबल टाकावी लागते. रस्ता बांधतानाच ती टाकली तर खर्च थोडा, नंतर टाकायची तर वाहतूक थांबवून दुप्पट त्रास. अमेरिकेचा अनुभव सांगतो की द्रुतगती मार्गाच्या आराखड्यात रेडिओची शिखरे आणि बोगद्यातील केबल पहिल्या दिवसापासून असायला हवी.

उरलेले पाच टक्के

या सर्व चर्चेच्या मुळाशी कंत्राटातील एक साधी ओळ असते. बिनतारी यंत्रणेच्या खरेदीत ‘सेवाक्षेत्राच्या ९५ टक्के भागात संभाषण स्पष्ट ऐकू यावे’ अशा स्वरूपाची अट प्रचलित आहे. ९५ टक्के हा आकडा ऐकायला भरघोस वाटतो. पण कॅलिफोर्नियाचे क्षेत्रफळ सुमारे ४ लाख २४ हजार चौरस किलोमीटर आहे. राज्यभरासाठी अशी अट घातली, तर उरलेले पाच टक्के म्हणजे २१ हजार चौरस किलोमीटर होतात. महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या, अहिल्यानगर जिल्ह्याहूनही ते अधिक भरते. आणि हा भाग नकाशावर विखुरलेला असला तरी योगायोगाने विखुरलेला नसतो. तो दऱ्यांत असतो, घाटांच्या वळणांत असतो, उंच कड्यांच्या सावलीत असतो. जेथे लहर पोहोचत नाही, तेथेच रस्ताही धोक्याचा असतो.

म्हणून नूतनीकरणाचा निर्णय घेताना कोणत्या कंपनीचा रेडिओ, हा प्रश्न दुय्यम आहे. मोजमाप कुठे घेतले जाते, हा पहिला. गाडीच्या टपावरील अँटेनाने मोजले तर जवळजवळ प्रत्येक यंत्रणा उत्तीर्ण होते. तेच मोजमाप माणसाच्या कमरेवरील रेडिओने, गाडीपासून दूर, पावसात आणि पुलाखाली घेतले की खरे चित्र समोर येते. पैसे देण्यापूर्वी ही चाचणी, तीही अपघातप्रवण ठिकाणांची यादी हाती घेऊन, कंत्राटात बंधनकारक केली पाहिजे. जुना लो बँड बंद करण्याची घाई ब्रिटनसारखी अंगाशी येऊ शकते; तो किमान काही वर्षे आधाराला ठेवणेच शहाणपणाचे आहे. आणि देखभालीचा निधी बांधकामाच्या निधीइतकाच निश्चित हवा, कारण उभा राहिलेला मनोरा पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा जुना होणारच आहे.

परदेशस्थ मराठी समाजात दूरसंचार आणि सॉफ्टवेअर क्षेत्रांत काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. परगण्यांच्या पर्यवेक्षक मंडळांच्या बैठका, अर्थसंकल्पावरील जनसुनावण्या आणि निविदांची कागदपत्रे येथे सर्वांसाठी खुली असतात. तेथे कमरेच्या उंचीवरील मोजमापाचा प्रश्न विचारायला विशेष ओळख लागत नाही, विषयाची जाण लागते. रात्री दोन वाजता एखाद्या घाटात बंद पडलेल्या गाडीच्या मागे निळे-लाल दिवे लावून उभा राहणारा अधिकारी गाडीतून उतरतो, तेव्हा त्याची हाक पोहोचणार की नाही हे त्या बैठकांतच, बरीच वर्षे आधी, ठरलेले असते.